हृदयरुग्णांमधील नैराश्याची चाळणी

हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा हृदयाची ताकद कमी होण्याचा आजार यांवर उपचार घेणाऱ्या माणसाला नैराश्य आले आहे का, हे ठरावीक प्रश्न विचारून पाहण्याची पद्धत. चाळणी म्हणजे निदान नाही. जिच्या उत्तरांतून शंका येते त्या व्यक्तीशी डॉक्टरांनी सविस्तर बोलल्यावरच नैराश्य आहे की नाही हे ठरते.

मराठीत या दुखण्याची ओळख जुनी आहे. ‘त्यांनी हाय खाल्ली’, ‘धसका घेतला’, ‘अँजिओनंतर उमेदच गेली’ ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात, आणि हाय खाल्लेला माणूस फार जगत नाही हेही आपण गृहीत धरलेले असते. पण एवढा मोठा झटका आला म्हटल्यावर माणूस खचणारच, असे म्हणून विषय तिथेच मिटतो. नैराश्याला उपचार असतो हे त्या मिटवण्यात राहून जाते. झटका येऊन रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला उपचार लागण्याइतके नैराश्य असते. सौम्य लक्षणे असणारे त्याहून बरेच जास्त.

या विषयाकडे हृदयरोगतज्ज्ञांचे लक्ष खऱ्या अर्थाने वळले ते १९९३ मध्ये. कॅनडातील माँट्रियल येथे नॅन्सी फ्रेझर-स्मिथ, फ्रान्स्वा लेस्पेरान्स आणि मारिओ तालाजिक यांनी झटका आलेल्या २२२ रुग्णांच्या रुग्णालयातच मुलाखती घेतल्या आणि पुढचे सहा महिने त्यांचा मागोवा ठेवला. हृदयाची अवस्था वगैरे इतर गोष्टी जमेस धरूनही, नैराश्य असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका साधारण चौपट आढळला. अभ्यास लहान होता आणि पुढच्या मोठ्या अभ्यासांत हा आकडा खाली आला, पण दिशा बदलली नाही. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने, हृदयाचा तीव्र झटका येऊन गेलेल्यांमध्ये नैराश्याला धोकादायक घटक मानावे, अशी शिफारस केली.

मन खचल्याने हृदयावर परिणाम का व्हावा, याची उत्तरे दोन वाटांनी मिळतात. शरीराच्या वाटेने पाहिले तर नैराश्यात रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) चटकन चिकटतात, दाह वाढतो, ताणाच्या संप्रेरकांची पातळी बिघडते आणि हृदयाच्या ठोक्यांतला निरोगी चढउतार कमी होतो. दुसरी वाट रोजच्या जगण्याची आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्याकडे तीच अधिक महत्त्वाची ठरते. उमेद गेलेला माणूस फिरायला जात नाही, सोडलेली तंबाखू पुन्हा मळतो आणि गोळ्या चुकवतो. नवा स्टेंट बसवलेल्याने ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मध्येच सोडले तर त्या स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. टेबलाच्या खणात न फोडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या की घरचे ‘विसरतात हल्ली’ म्हणतात. दर वेळी ते विसरणे नसते.

चाळणीसाठी सर्वांत जास्त वापरली जाते ती पीएचक्यू (पेशंट हेल्थ क्वेश्चनेअर) ही प्रश्नावली. तिचा नऊ प्रश्नांचा अवतार २००१ मध्ये क्रोंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी मांडला, दोन प्रश्नांचा २००३ मध्ये. आधी दोनच प्रश्न विचारतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात, आवडीच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटले का? अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज, अशी चार उत्तरे आणि त्यांना शून्य ते तीन गुण. दोन्हींची बेरीज तीन किंवा अधिक झाली तर पुढचे प्रश्न घ्यायचे. नऊ प्रश्नांची एकूण बेरीज २७ पर्यंत जाते, आणि १० किंवा त्याहून अधिक गुणांना सविस्तर तपासणी करावी असा रिवाज आहे.

हृदयरुग्णात मात्र हे गुण वाचताना भान लागते. थकवा, झोप न लागणे, भूक मंदावणे ही तीन लक्षणे प्रश्नावलीत आहेत आणि हीच तीन दुबळ्या हृदयातही असतात. रात्री आडवे झाले की दम लागतो म्हणून जागणारा आणि चिंतेने जागणारा, दोघांच्या कागदावर खूण एकाच चौकटीत पडते. झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ मध्ये तयार केलेल्या ‘हॅड्स’ या चिंता आणि नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीत अशी शारीरिक लक्षणे जवळजवळ वगळली आहेत, ती याच अडचणीमुळे. ‘कामात रस वाटतो का’ या प्रश्नालाही ‘डॉक्टरांनीच काम बंद केलंय’ हे सरळ उत्तर येऊ शकते. म्हणून स्वतःला दोष देणे, आपण घराला ओझे झालो असे वाटणे, पुढे काही चांगले घडेल याची आशाच न उरणे, या उत्तरांना अधिक वजन द्यावे.

प्रश्न कोणासमोर विचारला जातो यावरही बरेच अवलंबून असते. ओपीडीतले नेहमीचे दृश्य असे: काका खुर्चीत, मांडीवर एको आणि ईसीजीची फाईल, मागे सून उभी. सिस्टर विचारतात, ‘काका, मन उदास असतं का हल्ली?’ सून म्हणते, ‘नाही हो, जेवतात व्यवस्थित.’ काका मान डोलावतात. सूनबाई गोळ्या आणायला औषधांच्या खिडकीशी गेल्या की तोच प्रश्न पुन्हा विचारावा. ‘नातवाला शाळेतून आणायचो मी. आता मला एकट्याला कुणी सोडत नाही,’ असे काहीतरी तेव्हा कानावर येते. ‘नैराश्य’ हा शब्द अशा वेळी उपयोगी पडत नाही, तो छापील आहे. ‘कशात मन लागतं का?’, ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे विचारले तर माणूस बोलतो.

चाळणीने फायदा होतो का, यावर तज्ज्ञांत खरा मतभेद आहे. २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयरुग्णांची नैराश्यासाठी चाळणी करावी असा सल्ला दिला. त्याच वर्षी ब्रेट थॉम्ब्स आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास तपासून, चाळणीमुळे रुग्णांचे भले होते याला पुरावा नाही, असे दाखवले. २०१९ मध्ये अमेरिकेतील १,५०० रुग्णांवरील ‘कोडियाक्स’ चाचणी प्रसिद्ध झाली. काहींची चाळणी करून उपचार देऊ केले, काहींची फक्त चाळणी करून डॉक्टरांना कळवले, काहींची चाळणीच केली नाही. १८ महिन्यांनी तिन्ही गटांच्या जीवनमानात फरक दिसला नाही. पण या चाचणीतून आधी नैराश्य होऊन गेलेल्यांना वगळले होते, आणि चाळणीत शंभरांत दहाहूनही कमी जण सापडले. त्यामुळे हा निकाल ‘विचारूच नका’ असा वाचणे चूक ठरेल. मात्र कागद भरून घेऊन फाईलला लावल्याने कुणी बरे होत नाही, एवढे त्यातून नक्की कळते. पुढे समुपदेशक, मनोविकारतज्ज्ञ किंवा निदान वेळ देणारा फॅमिली डॉक्टर नसेल तर प्रश्न विचारून माणसाला अर्ध्यावर सोडण्यासारखे होते.

उपचारांची बाजू त्या मानाने स्पष्ट आहे. नैराश्यावरच्या जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्या हृदयाची लय बिघडवू शकतात, म्हणून हृदयरुग्णांत टाळतात. नव्या, एसएसआरआय गटातले सर्ट्रालिन सुरक्षित असल्याचे २००२ मध्ये ३६९ रुग्णांवरील ‘सॅडहार्ट’ चाचणीत दिसले. त्याच गटातल्या सिटालोप्रामचा डोस जास्त झाला तर ईसीजीवर क्यूटी अंतर (ठोका पडून हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबते. या गटातल्या औषधांबरोबर ॲस्पिरिन चालू असेल तर रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, हेही सांभाळावे लागते. बोलून करायच्या उपचारांची मोठी परीक्षा ‘एनरिच्ड’ या २,४८१ रुग्णांच्या चाचणीत झाली. २००३ मधल्या तिच्या निष्कर्षांनुसार मन सुधारले, पण पुन्हा झटका येणे किंवा मृत्यू टळला नाही. दक्षिण कोरियातील एका चाचणीत मात्र एस्सिटालोप्राम घेतलेल्यांना पुढच्या सुमारे आठ वर्षांत हृदयाचे गंभीर त्रास कमी झाले. एकुणात, नैराश्याच्या उपचाराने आयुष्य वाढते हे अजून ठामपणे सांगता येत नाही. ते कमी दुःखात जाते हे सांगता येते, आणि उपचार करायला तेवढे कारण पुरे आहे.

प्रश्न एकदाच विचारून भागत नाही. आयसीयूतल्या पहिल्या दिवसांतली घालमेल पुष्कळदा आपोआप निवते. उलट, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबल्यावर, महिना-दोन महिन्यांनी, घरात एकटे पडलेल्याला खरे नैराश्य गाठू शकते. त्यामुळे फेरतपासणीला आणि व्यायामाच्या पुनर्वसन वर्गातही पीएचक्यूचे पहिले दोन प्रश्न पुन्हा विचारायला हवेत.

पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा आहे. त्याला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर बाकीची बेरीज कितीही असो, रुग्ण दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी डॉक्टरांनी त्याच्याशी बोलले पाहिजे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. ती दिवसरात्र मिळते, आणि मराठीतही बोलता येते.