व्हीएम पॉज करणं वेगळं, सेव्ह करणं वेगळं

लिनक्सवर केव्हीएम, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर (व्हीएम) चालवायची सोय, वापरणारे बरेच जण विर्श ह्या कमांड-टूलच्या विर्श सस्पेंड (पॉज) आणि विर्श मॅनेज्डसेव्ह (सेव्ह) ह्या दोन कमांड एकच समजून वापरतात, कारण दोन्हीत व्हीएम आहे तिथे थांबते आणि नंतर तिथूनच पुढे चालू होते. पण आपल्याकडे दापोली, गुहागर, रत्नागिरी पट्ट्यात पावसाळ्यात लाईटचा काही भरवसा नसतो, त्यामुळे इथे तरी हा फरक माहीत असायलाच हवा.

सस्पेंड मारलं की क्यूईएमयू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) व्हीएमचे प्रोसेसर थांबवतं, डिस्कवर जे लिहिणं चालू असेल तेवढं पुरं करतं, आणि बस. व्हीएमची मेमरी होस्टच्या, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या, रॅममध्येच राहते, म्हणजे सीपीयू मोकळा होतो पण रॅम नाही. रिझ्यूम मारलं की क्षणात चालू. होस्टवर थोडा वेळ दुसरं जड काम करायचंय, तर ह्यापेक्षा सोपं काही नाही. पण होस्टची लाईट गेली की रॅममधलं सगळं गेलं, आणि व्हीएमच्या दृष्टीने चालू मशीनचा प्लग खेचल्यासारखंच झालं. फाईलसिस्टम जर्नलमुळे (डिस्कवरच्या बदलांची नोंदवही) बहुतेक वेळा सावरते, पण आंब्याच्या पेट्यांचा हिशोब विंडोजच्या व्हीएममध्ये उघडा होता आणि शेवटच्या नोंदी सेव्ह केल्या नव्हत्या, तर त्या परत येत नाहीत.

मॅनेज्डसेव्ह मात्र मेमरी, प्रोसेसरची स्थिती, सगळं डिस्कवरच्या फाईलमध्ये लिहितं आणि क्यूईएमयूची प्रोसेस बंद करतं. रॅम खरोखर मोकळी होते, आणि नंतर लाईट चार दिवस आली नाही तरी फाईल जागेवर असते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा किती गावं कित्येक दिवस अंधारात होती ते आठवा, तिथे पॉज केलेल्या व्हीएमला काही अर्थच उरत नाही.

गोंधळ होतो तो परत चालू करताना. सेव्ह केलेली व्हीएम शट ऑफ दिसते, आणि तिला रिझ्यूम नाही, विर्श स्टार्ट लागतं, सेव्ह फाईल ते स्वतः उचलतं. विर्श लिस्टला ऑल आणि मॅनेज्ड-सेव्ह हे दोन्ही पर्याय दिले तर शट ऑफच्या जागी सेव्ह्ड दिसतं, ही सवय लावून घ्या. आणि स्टार्टला फोर्स-बूट चुकूनही जोडू नका, सेव्ह केलेलं सगळं फेकून व्हीएम कोरी बूट होते.

काही जण थेट किल कमांडने क्यूईएमयूच्या प्रोसेसला स्टॉप सिग्नल देतात आणि कॉन्ट देऊन परत चालू करतात. चालतं, पण मला हे अजिबात पटत नाही. लिबव्हर्टला (विर्शच्या मागे व्हीएम सांभाळणारी यंत्रणा) काही कळतच नाही, लिस्टमध्ये रनिंगच दिसतं, आणि क्यूईएमयू स्वतःच गोठलेलं असल्यामुळे त्याला उत्तर देता येत नाही आणि विर्शच्या बाकीच्या कमांड अडकून बसतात. डिस्कचं चालू लिहिणं पुरं होईल ह्याची हमी नाही. मेमरी रॅममध्येच, म्हणजे लाईट गेली तर सस्पेंडपेक्षाही वाईट अवस्था.

घड्याळाचं सगळीकडे सारखंच बघायचं, परत चालू झाल्यावर व्हीएमची वेळ मागे पडलेली असू शकते. आत गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालणारा, होस्टशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) असेल तर विर्श डोमटाईमला सिंक देऊन ती जुळवता येते. बराच वेळ थांबली असेल तर नेटवर्कची जुनी कनेक्शन बहुधा तुटलेली असतात, परत जोडा.

आता मुख्य काम. होस्ट बंद होताना व्हीएम आपोआप सेव्ह व्हाव्यात म्हणून लिबव्हर्ट-गेस्ट्स नावाची सर्व्हिस आहे, तिच्या सेटिंगमध्ये ऑन-शटडाऊनला सस्पेंड लिहायचं, आणि नीट लक्षात घ्या, इथल्या सस्पेंडचा परिणाम मॅनेज्डसेव्हच आहे, वरचा पॉज नाही. यूपीएसची बॅटरी कमी झाली की होस्ट स्वतः बंद व्हावा हे एनयूटी किंवा एपीसीयूपीएसडी हे यूपीएसवर लक्ष ठेवणारे प्रोग्रॅम वापरून लावता येतं. फक्त वेळेचा हिशोब धरा: 8 जीबी मेमरी पूर्ण भरलेली असेल आणि साधी हार्डडिस्क सेकंदाला 100 एमबीच्या आसपास लिहीत असेल, तर एका व्हीएमलाच सव्वा मिनिटाच्या वर जातं, तीन व्हीएम असतील तर चार मिनिटं धरून चाला, आणि तेवढी जागा डिस्कवर मोकळी ठेवा. जुन्या बॅटऱ्या खाऱ्या हवेत किती टिकतील ते मे महिन्यातच एकदा प्लग काढून बघून घ्या, व्हीएम रीतसर बंद करून ठेवलेल्या असताना.