संदर्भसेवा (विद्यापीठीय ग्रंथालयांतील)

वाचकाला हवी असलेली माहिती शोधायला, तिची पारख करायला आणि ती लेखनात रीतसर वापरायला ग्रंथपालाने व्यक्तिशः केलेली मदत म्हणजे संदर्भसेवा. पुस्तकांची देवघेव हे ग्रंथालयाचे दर्शनी काम, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला मात्र खरी गरज पडते ती या सेवेची.

ग्रंथपालाने वाचकाशी बोलावे, त्याचे काम समजून घ्यावे, हा विचार अमेरिकेतील वूस्टरचे ग्रंथपाल सॅम्युएल स्वेट ग्रीन यांनी १८७६ मध्ये ठामपणे मांडला. भारतात तो रुजवला शि. रा. रंगनाथन यांनी. गणिताचे हे अध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे आहे ‘वाचकाचा वेळ वाचवा’. चटकन उत्तर देता येणारी तत्काळ संदर्भसेवा आणि चिकाटीने शोध घ्यावा लागणारी दीर्घकालीन संदर्भसेवा, असा भेदही त्यांनी केला.

विद्यार्थी आल्याआल्या जो प्रश्न विचारतो, तो बहुधा त्याचा खरा प्रश्न नसतोच. “सर, दुष्काळावर काही आहे का?” असे कुणी विचारले की कपाटाकडे बोट दाखवणे सोपे. मुरलेला ग्रंथपाल उलट विचारतो : कुठला दुष्काळ, १८७६-७८चा की १९७२चा? जिल्हा कोणता? सेमिनारसाठी हवे आहे की प्रबंधासाठी? पाच-सात मिनिटांनी कळते, की त्याला १९७२च्या दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेल्या बायकांविषयी लिहायचे आहे. मग दुष्काळावरचे पाठ्यपुस्तक बाजूला पडते आणि त्या काळची वृत्तपत्रे, विधिमंडळातील चर्चा, जनगणनेचे जिल्हावार खंड पुढे येतात. या बोलण्यालाच संदर्भसंवाद म्हणता येईल.

साधन हाती आले तरी पारख उरतेच. जुने ते खरे, हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा लाडका समज. चिटणीसांची बखर शिवकालावर असली, तरी ती लिहिली गेली शिवाजी महाराजांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. संकेतस्थळांच्या बाबतीत चूक वेगळी होते. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील चिको येथील विद्यापीठ ग्रंथालयात तयार झालेली तपासयादी जगभर वापरली गेली : मजकूर ताजा आहे का, विषयाला धरून आहे का, लेखक कोण, अचूकता किती, हेतू काय. अडचण अशी, की हे सारे त्याच पानावर बसून तपासले, तर चकचकीत पान सहज उत्तीर्ण होते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासकार, पदवीचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांची तुलना केली, तेव्हा तथ्यतपासनीस सरस ठरले. ते पान वाचत बसत नाहीत; ते सोडून त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात, ते आधी पाहतात. ग्रंथपाल आता हेच शिकवू लागले आहेत.

नियतकालिकांची पारख हा भारतातला नाजूक विषय. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना ‘शिकारी’ हे विशेषण दिले जेफ्री बील यांनी, आणि तेही ग्रंथपालच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाच्या आधारे चालणारी, मान्य नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. तोवर “यादीत आहे का?” एवढेच विचारले जाई. आता निकष संस्थांनीच ठरवायचे आहेत.

वाङ्मयचौर्याविषयीच्या आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ६० टक्क्यांच्या वर गेल्यास प्रबंधाची नोंदणीच रद्द होते. परिणामी, हे साम्य मोजणाऱ्या संगणकीय अहवालातला आकडा खाली आणण्यासाठी शब्दांची अदलाबदल करणारे ग्रंथालयात रांग लावतात आणि ग्रंथपालाचा दाखले देणारा कारकून होतो. दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत लिहिली तरी श्रेय द्यावेच लागते, हे त्या आकड्यात दिसत नाही.

अलीकडे संदर्भ विभागात एक नवाच प्रकार येतो : कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली संदर्भसूची. लेखक खरा, नियतकालिक खरे, वर्ष पटण्यासारखे; लेख मात्र कुठेच नाही. तपासायची रीत जुनीच आहे. तो खंड काढायचा, अनुक्रमणिका उघडायची आणि दिलेल्या पानावर काय छापले आहे, ते विद्यार्थ्यालाच वाचायला लावायचे.