गोल डिस्प्ले वेगळा, गोल डिस्प्लेचा बोर्ड वेगळा

"कोड अपलोड झाला, स्क्रीन काळीच. डिस्प्ले जळला का?" गोव्यातल्या फर्मागुडीच्या इंजिनिअरिंगवाल्या मुलांपासून दिवाळीला नरकासुराचे पुतळे बांधणाऱ्या पोरांपर्यंत, छोटा गोल डिस्प्ले घेतलेले सगळे हेच विचारतात. बहुतेक वेळा काहीही जळलेलं नसतं.

सुटं १.२८ इंची मॉड्यूल म्हणजे नुसता डिस्प्ले: २४०×२४० पिक्सेल, जीसी९ए०१ ड्रायव्हर (स्क्रीन चालवणारी चिप), सात पिना. बोर्डात तोच डिस्प्ले, फक्त पाठीला तुमचा कोड चालवणारी चिप बसवलेली, आरपी२०४० किंवा ईएसपी३२-एस३. वाय-फाय हवं तर एस३ घ्या, आरपी२०४०मध्ये ते नाही.

घोळ होतो तो पिनांचा. मॉड्यूलच्या वायरी तुम्ही जोडता, म्हणून पिनांचे नंबरही तुम्हीच ठरवता. बोर्डावर कंपनीने ते आधीच ठरवून टाकलेले असतात. वेव्हशेअर कंपनीच्या आरपी२०४०-एलसीडी-१.२८ बोर्डावर डीसी (येतंय ते आज्ञा की डेटा, हे सांगणारी पिन) ८, सीएस (डिस्प्ले निवडणारी पिन) ९, क्लॉक १०, डेटा ११, रीसेट १२ आणि बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) २५. मॉड्यूलसाठी लिहिलेला कोड त्यावर जसाच्या तसा चढवला तर एकही एरर येत नाही, कारण एसपीआयवरून (चिप ते डिस्प्ले जोडणाऱ्या या वायरींवरून) पाठवलेला डेटा मिळाला की नाही हे डिस्प्ले उलट कळवतच नाही. कोड कंपाइल झाला म्हणजे पिना बरोबर, हा समज आधी सोडा.

त्यात बॅकलाइट. सात पिनांच्या मॉड्यूलवर तो पॉवर देताच लागतो. या बोर्डावर कोडमधून २५ नंबरची पिन हाय (म्हणजे चालू) केल्याशिवाय लागत नाही. मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारून बघा. पुसट चित्र दिसलं तर बाकी सगळं ठीक आहे.

डिस्प्लेवर चित्रं काढायला टीएफटी_ईएसपीआय ही तयार कोडची लायब्ररी वापरत असाल तर पिना स्केचमध्ये (तुमच्या कोडच्या फाइलमध्ये) बदलून उपयोग नाही, त्या युजर_सेटअप.एच फाइलमध्ये असतात. लायब्ररी अपडेट केली की ती फाइल पुन्हा मूळपदावर येते, म्हणून तिची प्रत बाजूला ठेवाच. आणि बोर्डाचं स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा) न उघडता कुणालाही प्रश्न विचारू नका, ही माझी कळकळीची विनंती.

टेबलावरच्या घड्याळाला मी बोर्डच घेईन. छोट्या नरकासुराच्या डोळ्यांना मात्र दोन सुटी मॉड्यूल आणि एक ईएसपी३२: क्लॉक, डेटा, डीसी सामाईक, सीएस वेगवेगळे. दोन्ही बुबुळं एकाच कोडमधून फिरतात. दोन बोर्ड घेतले तर त्यांचा मेळ घालायचं काम वेगळं करावं लागतं. वायरी लांब जात असतील तर एसपीआयचा वेग उतरवा, नाहीतर डोळ्यांत रंगीत कचरा दिसेल.