फी माफ म्हणे, पण हप्त्याने वसूल

अमेरिकेत पोलिसांनी किंवा तुरुंगवाल्यांनी तुमचे हक्क तुडवले तर फेडरल कोर्टात केस टाकता येते, तो कायदा 1871 चा, कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर अत्याचार करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेच्या दहशतीला आवर घालायला केलेला, पण पुढची नव्वद वर्षं तो जवळजवळ धूळच खात होता, 1961 च्या मनरो विरुद्ध पेप निकालानंतर खरा वापरात आला. आज ही केस दाखल करायला 405 डॉलर लागतात, 350 कोर्ट फी आणि वर 55 प्रशासकीय.

खिशात दमडी नाही त्याने काय करायचं? इंग्लंडने 1495 लाच गरिबाला फुकट दावा लावायची सोय केली होती (आपल्या दिवाणी संहितेतला ऑर्डर 33 त्याच घराण्यातला, आधी त्यात गरिबाला ‘पॉपर’ म्हणत, 1976 च्या दुरुस्तीत ‘इंडिजंट’ झालं). अमेरिकेत असा कायदा 1892 ला आला, तोही फक्त नागरिकांपुरता, ‘नागरिक’ काढून ‘व्यक्ती’ घालायला 1959 उजाडलं. मधे 1948 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माफीसाठी अगदी रस्त्यावर यायची गरज नाही.

मग 90 च्या दशकात ओरड सुरू झाली की कैदी फालतू केसेस टाकतात. सगळ्यात गाजलेलं उदाहरण पीनट बटरचं, म्हणे हवं ते मिळालं नाही म्हणून पठ्ठ्या कोर्टात गेला. पुढे जज जॉन न्यूमन यांनी कागद काढून बघितले तर भांडण चवीचं नव्हतंच, बरणी परत केली तरी त्याच्या खात्यातून अडीच डॉलर कापले होते त्याचं होतं! पण किस्सा तोवर पसरला होता, आणि एप्रिल 1996 मध्ये क्लिंटननी कैद्यांच्या केसेसना लगाम घालणाऱ्या नव्या कायद्यावर सही केली.

तेव्हापासून बाहेरच्या गरिबाला माफी मिळते, कैद्याला नुसते हप्ते. ते 55 तेवढे सुटतात, 350 मात्र पूर्ण भरायचे, सुरुवातीला थोडे, मग दर महिन्याला तुरुंगातल्या खात्यात आधीच्या महिन्यात जमा झालेल्या पैशांच्या 20 टक्के. समजा महिन्याला 40 डॉलर येतात, तर 8 गेले, म्हणजे साडेतीन वर्षांच्या वर फेडत बसा, केस हरलात तरी. दोन केसेस असतील तर 16, कारण 2016 ला सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवलं की प्रत्येक केसचे 20 टक्के वेगळे कापायचे. आणि तीन केसेस निरर्थक वगैरे म्हणून फेटाळल्या गेल्या की हप्त्याची सवलतही बंद, अख्खी फी आधी टाका, जिवावर बेतलं असेल तरच सूट.