नुसती चेन का बदलून देत नाही?

दर दुसरा माणूस विचारतो, भाऊ हे गिअरचं सामान एवढं महाग कसं, म्हणून एकदाच लिहून काउंटरवर ठेवतोय. महाग आहे, मान्य. गिअरवाल्या सायकलचं सामान बरंचसं बाहेरच्या देशातून येतं. 2025 च्या सप्टेंबरात जीएसटी 12 चा 5 टक्के झाला तेवढी किंमत आम्ही उतरवलीय, बिल बघा. पण तुमचे जास्त पैसे उशीर केल्यामुळे जातात, ते कसं ते सांगतो.

चेन ताणली म्हणतात, पण ती ताणत नाही, आतल्या पिना झिजतात आणि प्रत्येक कडीत जरा जरा ढिल येते. त्यात आपला रत्नागिरीचा खारा वारा आणि भाट्याची पुळण, वाळू तेलात बसली की पॉलिश पेपरच झाला. अशी लांबलेली चेन कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) दातेही स्वतःच्या मापाने खाते. वेळेत बदलत गेलात तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन आरामात निघतात, आणि कॅसेट चेनच्या दुप्पट-तिप्पट भावाची, हिशोब तुम्हीच करा.

होतं काय, गिऱ्हाईक येतं उशिरा आणि म्हणतं कॅसेट राहू दे, नुसती चेन टाक. आधी टाकायचो. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या चढाला जोर लावला की कटाकट चेन दात्यांवरून सुटते आणि संध्याकाळी माणूस दुकानात हजर, तुम्ही नीट बसवली नाही म्हणून. अहो, नवी चेन झिजलेल्या दात्यांवर बसतच नाही, आम्ही अर्धा तास गिअर सेट करत बसतो आणि दोष गिअरचा नसतोच. म्हणून आता दाते गेलेले असले तर नुसती चेन बसवत नाही, कोणी रागावलं तरी चालेल.

घरीच बघायचं असेल तर पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा, 12 इंचावर बरोब्बर पिनेचा मध्य यायला हवा. इंचाचा सोळावा भाग पुढे गेला तर चेन बदला, आठवा भाग गेला तर कॅसेटही बहुतेक गेलीच. नाहीतर दुकानात चेनची झीज मोजायचं गेज आहे, बघायचे पैसे घेत नाही.

समुद्रावरून आलात की बादलीभर गोड्या पाण्याने धुवा, प्रेशरने नको, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. वाळली की प्रत्येक रोलरवर एकेक थेंब आणि वरचं फडक्याने पुसून काढा. खोबरेल नको, गॅरेजचं काळं ऑइल तर मुळीच नको (आणतात लोक!). चेन ल्यूबची छोटी बाटली आमच्याकडे आहे, पावसाळ्यासाठी वेटवाली वेगळी.

हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बाहेरून बरं दिसलं तरी बदला, इथे घासाघीस नको.

ऑनलाइन मागवलेलं सामानही बसवून देतो, मजुरी पडेल, फक्त मागवायच्या आधी कॅसेटचा फोटो पाठवा, 8 स्पीडला (मागे 8 चकत्या) 9 ची चेन आणून ठेवतात. आणि शनिवारी संध्याकाळी येऊन रविवारच्या राइडला तयार पाहिजे म्हणू नका, बुधवारी-गुरुवारी दुकान रिकामं असतं.