घोडा असा उडत नाही

भरधाव घोडा पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून हवेत झेपावतो, हा समज आजही पक्का आहे. फ्रेंच चित्रकार थिओडोर जेरिकोच्या १८२१च्या ‘एप्समची डर्बी’ या चित्रातले चारही घोडे तसेच आहेत: काळवंडलेलं आभाळ, पोट जवळजवळ गवताला टेकलेलं. पण खरा घोडा असा धावत नाही.

१८७८ साली छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावपट्टीलगत ओळीने कॅमेरे लावून हे दाखवलं. चारही खूर जमिनीवरून सुटतात हे खरं, पण तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात! जेरिको अडाणी नव्हता, स्वतः पट्टीचा घोडेस्वार होता. एवढा वेग नुसत्या डोळ्यांना टिपताच येत नाही. आणि चित्र? मला ते आजही तितकंच आवडतं.