हँडल ओढलं म्हणून स्कूटर उडत नाही
‘पायानं ढकलायच्या स्कूटरवर उडी मारायची तर हँडल जोरात वर ओढायचं,’ असं रंकाळ्यावर पोरं एकमेकांना सांगतात. तसं वाटणं साहजिक आहे, बघणाऱ्याला हातच दिसतात. पण आपलं वजन फळीवर असतं. हात जेवढं वर ओढतात, तेवढेच पाय खाली दाबतात. घरी सतरंजीवर उभं राहून तिचीच टोकं ओढून बघा, पायाखालची सतरंजी सुटत नाही. उडी मारता मारता ओढा, मग येते. स्कूटरचंही तसंच. गुडघे वाकवून उडायचं, त्याच क्षणी हँडल सोबत घ्यायचं, उतरतानाही गुडघे वाकलेले. सुरुवात गवतावर, उभ्या स्कूटरवर. हेल्मेट हवंच. आणि घडीच्या स्कूटरवर उड्या नकोतच. तिचा सांधा असले दणके सोसायला बनवलेला नसतो.